वाळवंटातून लाहोरला

अकबर बादशहाच्या दरबारातील येशूसंघीय फादरांची कथा आपण बहुधा दरबारापासूनच सांगू लागतो. तेथील धर्मचर्चा, बादशहाचे कुतूहल, त्याने आदराने स्वीकारलेले पवित्र मातेचे चित्र, हे प्रसंग आपल्या परिचयाचे आहेत. दरबारापर्यंतची वाट मात्र सहसा कोणी सांगत नाही. तिसऱ्या मिशनच्या बाबतीत ही वाट पाच महिन्यांची होती.

पहिले मिशन १५८३ साली संपले आणि त्याचे प्रमुख फादर रुडॉल्फ आक्वाविवा त्याच वर्षी कुंकळ्ळी येथे हुतात्मा झाले. १५९१ मधील दुसरे मिशन अल्पावधीतच परतले. तरीही बादशहाने पुन्हा निमंत्रण धाडले. तेव्हा डिसेंबर १५९४ मध्ये फादर जेरोम झेवियर, फादर मॅन्युएल पिन्हेरो आणि ब्रदर बेंतो द गोइश यांनी गोवा सोडले. जेरोम हे संत फ्रान्सिस झेवियर यांचे नात्याने नातू. गोइश पूर्वाश्रमीचे सैनिक.

दमणमार्गे ते खंबायतला पोहोचले. तेथे नाताळच्या सुमारास त्यांची शहजादा मुरादशी भेट झाली. याच मुरादला बालपणी फादर मोन्सेरात यांनी पोर्तुगीज भाषेचे धडे दिले होते. आता तो दख्खनच्या मोहिमेच्या तयारीत होता. वर्षभरातच त्याच्या सैन्याचा वेढा अहमदनगरला पडला आणि चांदबिबीने तो शौर्याने परतवला.

खंबायतहून मार्ग अहमदाबादला जात होता. १४११ साली वसलेले हे शहर तेव्हाच पावणेदोनशे वर्षांचे झाले होते. शहराजवळच्या सरखेज येथे शेख अहमद खट्टू यांची कबर आहे. तिच्याभोवतीच्या दगडी जाळ्या, स्तंभांच्या रांगा आणि विस्तीर्ण तलाव पाहून पिन्हेरो थक्क झाले. ज्यांना ते रानटी समजत होते त्यांच्या हातचे हे काम रानटी नाही, अशी कबुली त्यांनी आपल्या पत्रात दिली. त्या कबुलीत अहंकार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या अहंकाराला गेलेला तडाही तिच्यात दिसतो. गुजरातेतील जैन साधूंविषयीही त्यांनी लिहिले. पाणी उकळून पिणारे आणि जीवजंतू चिरडू नयेत म्हणून हाती झाडणी बाळगणारे हे विरक्त त्यांनी बारकाईने न्याहाळले.

पुढे पाटणनंतर वाळवंट सुरू झाले. फादरांचा काफिला मोठा होता: सुमारे ४०० उंट, शंभरएक घोडे, अनेक गाड्या आणि सोबतीच्या आधाराने पायी चालणारे असंख्य गोरगरीब. अन्न दुर्मिळ, पाणी थोडे आणि तेही खारट. अशा मुलखात दिवसाची मजल माणसाच्या इच्छेवर ठरत नाही. पुढची विहीर जेथे असेल तेथेच मुक्काम पडतो. थरच्या गावांतील विहिरी अतिशय खोल असतात आणि त्यांतून उंट वा बैल जुंपून पाणी शेंदले जाते. अंगणाच्या उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाक्यात साठवून गावे वर्ष काढतात. तेथे चारशे उंटांचा काफिला पाण्यावर येणे म्हणजे काय, हे त्या गावांनाच ठाऊक असणार.

५ मे १५९५ रोजी हे तिघे लाहोरला पोहोचले. लाहोर आज पाकिस्तानात आहे. त्या काळी बादशहाचा मुक्काम तेथे होता. १५९७ साली तेथे चर्च उभे राहिले. जेरोम यांनी फारसी आत्मसात केली आणि १६०२ मध्ये त्या भाषेत प्रभू येशूचे चरित्र सिद्ध केले. या कामी अब्दुल सत्तार या मुस्लिम विद्वानाचे त्यांना साहाय्य झाले. गोइश पुढे मध्य आशिया ओलांडून १६०७ साली चीनच्या सीमेवरील सुचौ येथे निवर्तले. दुसरे मिशन लवकर परतले. तिसऱ्याने मात्र तेथे मूळ धरले. बादशहाला भेटण्यापूर्वीच या तिघांना देश भेटला होता, हेही त्याचे एक कारण असावे.

ख्रिस्तमंडळाच्या इतिहासात या तिघांची नावे आदराने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. ज्या गावांच्या विहिरींवर त्यांची तहान भागली त्या गावांची नावे मात्र त्यात नाहीत. तहानलेल्याला दिलेल्या पेलाभर पाण्याचे मोल प्रभूने शुभवर्तमानात सांगून ठेवले आहे. आपला मिशन-इतिहास लिहिताना ते ऋणही आपण नोंदवायला हवे.