मास्तरांची बदली आणि बोर्डाचा मेंबर

मुंबई इलाख्यात शाळेला पैसा देणारे आणि शाळेवर हुकूम चालवणारे हे दोघे बराच काळ वेगळे होते. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड सेस घेतला जाऊ लागला आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी ठेवला गेला. पैसा कुणब्याच्या घामातून येई. मास्तर कोण आणि पुस्तक कोणते, हे मात्र शिक्षणखाते ठरवी. करदात्या शेतकऱ्याच्या मुलांकडे दुर्लक्ष करून सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली, पण शाळांवरची खात्याची पकड फारशी ढिली झाली नाही. ती ढिली केली मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने, १९२३ साली. लोकल बोर्डे आणि नगरपालिका यांच्या स्कूल बोर्डांकडे प्राथमिक शाळा आल्या आणि त्यांच्याबरोबर मास्तरही आले.

घोटाळा झाला तो या मास्तरांवरून. खेड्यातला प्राथमिक शिक्षक तेव्हा गावातल्या मोजक्या लिहित्या माणसांपैकी एक असे. अर्ज तो लिही, पत्र तो वाचून दाखवी, पुष्कळदा पोस्टाचे कामही त्याच्याच गळ्यात असे. असा माणूस निवडणुकीत बाजूचा असला तर सोन्याहून पिवळे, आणि विरुद्ध गेला तर त्याला तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवणे मेंबराच्या हाती. त्यामुळे बोर्डाच्या बैठकीत शाळा किती वाढल्या यापेक्षा कोण कुठे गेला याची चर्चा अधिक रंगू लागली. १९२९ साली हार्टोग समितीने स्थानिक संस्थांकडे सोपवलेल्या शिक्षणाबद्दल कडक शब्द वापरले आणि सरकारने आपले नियंत्रण फार सैल सोडले असा ठपका ठेवला. परक्या सरकारच्या समितीचे हे मत म्हणून ते झटकून टाकणे सोपे होते. पण पुढे काँग्रेसचेच मंत्रिमंडळ आले आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९३८ साली कायदा दुरुस्त करून बोर्डाचा प्रशासकीय अधिकारी सरकारी नेमणुकीचा केला. १९४७ च्या नव्या कायद्याने शिक्षकांच्या निवडीसाठी बोर्डाचा अध्यक्ष, प्रशासकीय अधिकारी आणि जिल्ह्याचा शिक्षण निरीक्षक अशी तिघांची समिती बसवली. लोकनियुक्त प्रतिनिधी त्या समितीत राहिला, पण एकटा पडला.

यावर त्या काळापासून आक्षेप आहे: पैसा लोकांचा, मग नोकर नेमण्याचा हक्क लोकांच्या प्रतिनिधीला का नको? आक्षेप वजनदार आहे, पण तो बोर्ड आणि मेंबर यांच्यात गल्लत करतो. लोकांनी अधिकार दिला तो बैठकीत, सर्वांसमक्ष, ठराव करणाऱ्या बोर्डाला. बैठक संपली की मेंबर इतर नागरिकांसारखाच. शाळेच्या ओसरीवर उभे राहून मास्तराला हुकूम सोडण्याचा त्याला अधिकार उरत नाही. गोखल्यांनी १९११ च्या विधेयकात सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोपवला, तो याच समजुतीने. सक्ती करावी का, कर बसवावा का, हे संस्थेने ठरवायचे, आणि तेही सरकारच्या पूर्वमंजुरीने. विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोणत्या खोलीत कोणता शिक्षक बसावा हा प्रश्न मात्र त्यात मेंबरांपुढे कधी ठेवलेलाच नव्हता.

लोकप्रतिनिधीच्या हक्काची दुसरी मर्यादा याहून कठोर आहे, कारण तिथे बहुमतही चालत नाही. १९३५ साली धोळका तालुक्यातल्या कविठा गावात अस्पृश्यांनी आपली मुले शाळेत घातली. सरकारी आदेश त्यांच्या बाजूने होता, तरी सवर्णांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. डॉ. आंबेडकरांनी या प्रकरणाची नोंद करून ठेवली आहे. अशा गावातून निवडून आलेला मेंबर गावाचे मत घेऊन बोर्डात बसणार, हे उघड आहे. कोणत्या मुलाला दार उघडायचे हा प्रश्न म्हणूनच मतदानाला टाकता येत नाही.

मग बोर्डच नको, असा उलटा निष्कर्ष काढणारेही आहेत. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सबंध बडोदा संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचे शिक्षण आणले, तेव्हा कुठल्या बोर्डाच्या मतावर ते थांबले नव्हते. खरे आहे. पण असा राजा लाभणे हा योगायोग. कारभार योगायोगावर उभारता येत नाही. अधिकाऱ्याच्या हाती सर्व दिले की त्याला खर्चाचा हिशेब विचारणारा स्थानिक माणूस नाहीसा होतो. आपल्याकडे, महाराष्ट्रात, जवळपास तसेच झाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर जिल्हा स्कूल बोर्डे गेली आणि त्यांच्या जागी परिषदेची शिक्षणाची विषय समिती आली. २०१३ मध्ये १९४७ चा कायदाच रद्द झाल्याने महापालिका-नगरपालिकांची शिक्षण मंडळेही संपुष्टात येत गेली. मंडळांची अब्रू इतकी गेली होती की त्यांच्यासाठी रस्त्यावर फारसे कुणी उतरले नाही. माझ्या मते हा उपाय चुकीचा होता. नेमणुका काढून घेऊन शाळांची ठिकाणे, इमारती, अंदाजपत्रक आणि जाहीर हिशेब मंडळांकडे ठेवता आले असते.

आज स्थानिक लोकांच्या हाती उरले आहे ते २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ मधले. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही त्यांची कामे. समितीवर असलेल्या पालकांनी शिक्षकाच्या बदलीसाठी आमदाराकडे चिठ्ठी मागण्याआधी पुढच्या बैठकीत अनुदानाचा हिशेब मागावा.