पानातून पिशवीत, पिशवीतून समुद्रात

आपल्याकडे मासळी पूर्वी टोपलीतून यायची, फुलं पानात बांधून, किराणा रद्दीच्या पुड्यात. बांधायला सुंभ नाहीतर केळीचं सोपट. काम झालं की सगळं माडाच्या बुडात. आजीला पर्यावरणाची काळजी होती असं नव्हे. फेकण्यासारखं काही घरात येतच नव्हतं, इतकंच!

पातळ पिशवी आली आणि हिशेब बदलला. २६ जुलै २००५ ला मुंबई तुंबली, त्यानंतर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. मग २३ मार्च २०१८ ची मोठी बंदी, थर्माकोलच्या ताटांसकट. बाजारात पिशवी अजून मिळतेच, मागून बघा.

वेंगुर्ल्याने मात्र करून दाखवलं. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरात कचरा वेगळा झाला, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात गेलं, कचरा डेपो बघायला पर्यटक येऊ लागले. पण रस्त्यात गेलेलं प्लास्टिकही आधी कुणीतरी बाजारातून घरी आणलेलंच ना? आणि जे डेपोपर्यंत पोचत नाही ते व्हाळातून समुद्रात जातं, आपल्याच जाळ्यात परत येतं.

मासळीला जाताना झाकणाचा डबा न्या. ‘गे बाय, ह्या डब्यात घाल’ म्हटलंत तर ती नाय म्हणणार नाही.