विमानतळाची आगगाडी आणि खाजगी भांडवल

नाशिकची आगगाडी नाशकात येत नाही, नाशिकरोडला येते, हे या श्रोत्यांना सांगावयास नको. स्टेशन आणि गाव यांमधील अंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रामने जोडले गेले. आधी तिला घोडे होते, मागाहून इंजिन आले. 1930 नंतर थोड्याच वर्षांत ती बंद झाली. आज विषय विमानतळाचा असताना ट्रामची आठवण काढण्याचे कारण असे की, कोडे तेच आहे: स्टेशन एकीकडे, गाव दुसरीकडे, मधल्या वाटेचा खर्च कोणी सोसावयाचा?

आम्ही कॉलेजात शिकलो नाही. ताळेबंद वाचावयास शिकलो तो सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील बोनसच्या वाटाघाटींत. त्याच नजरेने हा हिशेब मांडतो.

लंडनला विमानतळाच्याच कंपनीने पैसा घालून 1998 साली हीथ्रो एक्सप्रेस सुरू केली. 15 मिनिटांत उतारू शहरात पोहोचू लागला. भाडे जबर, तरी गाडी टिकली. स्टॉकहोमची आर्लांडा एक्सप्रेस 1999 पासून खाजगी कंपनी चालवीत आली आहे, तीही टिकली. परंतु लंडनच्या यशात एक गोष्ट विसरू नये. तेथे 1977 पासूनच विमानतळाला सार्वजनिक भुयारी रेल्वे होती. साहेबाने एक्सप्रेसने जावे, हमालाने भुयारी गाडीने. दोघांचीही सोय होती.

सिडनीला तशी सोय नव्हती. तेथे 2000 साली बोगद्यातील स्थानके खाजगी कंपनीकडे दिली आणि तिकिटावर स्थानकाची वेगळी पट्टी बसवली. उतारूंचे अंदाज फसले, आणि त्याच वर्षी कंपनी धनकोंच्या ताब्यात गेली. 2011 साली दोन स्थानकांची पट्टी सरकारने स्वतः भरावयास घेतली, तेव्हा तेथील गर्दी वाढली.

आता आपल्या देशात येऊ. दिल्लीचा सुमारे 23 किलोमीटरचा विमानतळ मार्ग 2011 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. पूल व बोगदे सरकारी मेट्रो कंपनीने बांधले; रूळ, गाड्या आणि चालवणे खाजगी कंपनीकडे. 2012 च्या जुलैत बांधकामातील दोषांमुळे गाडी थांबली. दोष कोणाचा, यावर दोघांचे भांडण जुंपले. 2013 च्या जुलैत कंपनी बाहेर पडली आणि सरकारी मेट्रोने मार्ग हाती घेतला. पुढे भाडे उतरवले, उतारू वाढले. कंपनीच्या बाजूने 2017 साली लवादाचा निवाडा झाला. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि 2024 साली त्याच न्यायालयाने तो रद्द केला. गाडी दोन-अडीच वर्षे, खटला तिच्याहून लांब!

मुंबईची वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 ची, खाजगी व सरकारी भागीदारीची. तिचे एक स्थानक विमानतळाच्या नावाचे आहे, पण विमानाच्या दारापर्यंत ती जात नाही. दारापर्यंत गेली ती 2024 साली सुरू झालेली भुयारी मेट्रो, सार्वजनिक पैशांची आणि जपानी कर्जाची. तिचा खर्च सुमारे 37 हजार कोटींचा. म्हणजे सार्वजनिक मार्ग फुकटात होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते कर्ज आपल्यालाच फेडावयाचे आहे.

तेव्हा खाजगी भांडवल सरसकट वाईट, असे आम्ही म्हणत नाही. ते तगले तेथे उतारू श्रीमंत होता आणि जोखीम कोणाची हे ठरलेले होते. फसले तेथे उतारूंचा आकडा फुगवलेला होता आणि जबाबदारी दोन ठिकाणी विभागलेली होती. आमच्या मते यशाची कसोटी केवळ कंपनीचा नफा नव्हे. विमानतळावर विमानात बसणाऱ्यांखेरीज सामान चढवणारे, फरशी पुसणारे, कँटीनमध्ये भांडी घासणारे असतात. विमानाचा उतारू वर्षातून चार वेळा जाईल. हे लोक रोज जातात, रात्रपाळीलाही जातात. त्यांना परवडेल ती गाडी भरते, आणि भरलेली गाडीच टिकते.

ओझरच्या विमानतळाला आज रेल्वे नाही. उद्या कोणी रूळ टाकावयाची योजना घेऊन आला, तर नाशिककरांनी दोनच प्रश्न विचारावेत: तोटा झाला तर तो कोणाच्या खात्यावर? आणि झाडूवालीला तिकीट किती? उत्तर कागदावर सही करून मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नयेत.