धनी आणि राखणदार

मराठीच्या मास्तराला ‘गाय’ या निबंधापासून सुटका नाही. दरवर्षी तेच चार पाय, तीच दोन शिंगे, तेच दूध, दही, लोणी आणि शेवटी शेणाच्या गोवऱ्या. वह्या तपासताना डोळे आपोआप मिटू लागतात. काही वर्षांपूर्वी मात्र एका मुलाने जेमतेम पाच ओळी लिहिल्या होत्या. ‘आमच्या घरी गाय नाही. माझे आजोबा गावच्या गाई चारत होते. पहाटे नेत, दिवस बुडता आणत. त्यांतली एकही आमची नव्हती. आजोबांना सगळ्यांची नावे पाठ होती.’ निबंध संपला. गाईचे उपयोग लिहिले नाहीत म्हणून मी त्याला दहांपैकी चार गुण दिले. त्या चार गुणांची मला आजही लाज वाटते.

मुलगा गोवाऱ्याचा होता. नागपूर, भंडारा, चांदा या मुलखात गावची जनावरे राखण्याचे काम पिढ्यान् पिढ्या गोवाऱ्यांकडे आहे. गावाबाहेर ‘आखर’ असतो. सकाळी घरोघरची जनावरे सोडायची, ती आखरावर गोळा व्हायची, आणि तिथून गायकी त्यांना रानात न्यायचा. मोबदला बहुधा धान्याचा, सुगी झाल्यावर. या माणसाला कोणती गाय कोणत्या महिन्यात व्यायची, कोणती लाथाडी, कोणती वासरू चोरून पाजते, हे सारे ठाऊक. घरधन्याला आपल्या गाईची जेवढी माहिती, त्याहून गायक्याला अधिक. वर्षातून एक दिवस मात्र त्याच्या मानाचा. दिवाळीत बलिप्रतिपदेला आमच्याकडे गायगोधन असते. गाईंच्या अंगावर गेरूचे ठसे, गळ्यात माळा, आणि गोवाऱ्यांची उंच ढाल वाजतगाजत निघते. त्या दिवशी धनी त्याच्या ओंजळीत काही घालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आखर.

ही व्यवस्था किती जुनी, हे पाहायला निघालो तर थेट कौटिल्याच्या अर्थशास्त्रापर्यंत जावे लागते. त्यात गाईगुरांवरच्या अधिकाऱ्याचे, गोऽध्यक्षाचे, अख्खे प्रकरण आहे. गोपाळ, म्हशी राखणारा, दूध काढणारा, घुसळणारा आणि श्वापदांपासून कळप वाचवणारा शिकारी, असे पाच जण शंभर-शंभर गाईंमागे नेमावे, असे तो सांगतो. आणि पुढे म्हणतो की त्यांना पगार रोख द्यावा, दूधतुपाचा वाटा देऊ नये. कारण वाटा दिला तर ते वासरांना उपाशी मारतील! काय हा व्यवहार! राखणाऱ्याच्या हातात शंभर गाई सोपवायच्या, पण त्याच्यावर विश्वास मात्र टाकायचा नाही. त्याच ग्रंथात आणखी एक वाक्य आहे, त्याचा भावार्थ असा की बांधलेल्या जलाशयांतील मासे, नावांचा उतारा आणि पाण्यातली भाजी यांवर मालकी राजाची. तलावात पाय भिजवणारा कोण, याचा तिथे उल्लेख नाही.

आता नागपूरकर भोसल्यांकडे येऊ. १७४२ पासून रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या, त्या हवेत उडत नव्हत्या. सामान, दारूगोळा, धान्य ओढायला बैल लागत, आणि डोंगराळ वाटेवर तेही दुडक्या चालीने धावणारे. वर्ध्याच्या आर्वीकडील आणि आसपासच्या प्रांतातली गवळाऊ जात अशाच कामासाठी घडत गेली, अशी परंपरा आहे. पांढरी किंवा करडी, अंगाने सडसडीत, शिंगे आखूड, चालायला चपळ. दुधाला बेताची, पण बैल असा की गाडी ओढताना धापही टाकत नाही. ती जात सरकारी ठाणाने निर्माण केली नव्हती. कोणता गोऱ्हा वळूसाठी ठेवायचा आणि कोणता बडवायचा, हे पिढ्यान् पिढ्या रानात गुरांमागे हिंडणाऱ्याने ठरवले, तेव्हा ती जात उभी राहिली. फौजेच्या इतिहासात सरदारांची नावे आहेत. या निवडणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, आणि राजवाड्यातले हत्ती, उंट, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात मांडले गेले. जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. उमदी जनावरे मातीमोल गेली. राणीवशात शोक झाला, गावात संताप पसरला. त्या बैलांच्या वेसणी ज्यांच्या हातांतून सुटल्या, त्या राखणदारांचे पुढे काय झाले, हे इंग्रजानेही लिहिले नाही. सीताबर्डी हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. तिथे आपल्याला पुन्हा जायचे आहे.

जमिनीवर जे झाले, तेच पाण्यात झाले. पूर्वेकडे, झाडीपट्टीत, तलावांचा प्रदेश आहे. चांद्याचा गोंड राजा हीरशहा याने जंगल तोडील त्याला जमीन आणि तलाव बांधील त्याला त्याखालचे रान देण्याचा कौल दिला, असे सांगतात. कोहळी लोकांनी त्या कौलाचे सोने केले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. असे सहा हजारांवर तलाव पूर्व विदर्भात आहेत. पुढे इंग्रजांनी मालगुजारांना मालकीहक्क दिले, तलाव त्यांचे झाले. धानाला पाणी मिळे, आणि पाण्यातला मासा व शिंगाडा ढिवरांच्या हाती असे, वाटा मालगुजाराला पोचवून. मरळ, शिंगी, मांगूर हे मासे कुणी सोडावे लागत नसत. पावसाळ्यात उथळ काठावर ते आपणच वाढत. मरळीची जोडी तर पिल्लांचा लाल थवा जिवापाड राखते. पाण्यातलाही राखणदारच तो.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. चांगलेच झाले, मालगुजारांसाठी अश्रू ढाळण्याचे मला कारण दिसत नाही. तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचा संक्षेप होऊन त्यांना ‘मामा तलाव’ हे लाडके नाव पडले. पण मामाच्या घरी भाच्याला हक्क मिळाला नाही. ढिवर होता तो ठेकेदार झाला. त्याने संस्था काढायची, ठेका भरायचा, मुदत संपली की पुन्हा भरायचा.

याच सुमारास मासेपालनात जगभर गाजलेली गोष्ट आपल्या देशात घडली. रोहू, कटला, मृगळ हे मासे तलावात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी हवे. म्हणून बंगालच्या नद्यांतून त्यांचे बीज गोळा करून मातीच्या हंड्यांतून रेल्वेने दूरदूर जाई, आणि सोबतचा माणूस वाटभर हंडी हलवत बसे, नाहीतर पिल्ले गुदमरत. १० जुलै १९५७ ला ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशाला अंडी घालायला लावली. हंडी हलवणाऱ्याचे जागरण संपले. मोठीच विद्या! पण झाडीपट्टीत तिची दुसरी बाजू दिसली. बीज विकत आणायचे, ते वाढवायचे, ठेक्याचा हिशेब त्यावर. आणि मरळ-शिंगीकडे कोण पाहतो? बेशरमाच्या झुडपांनी काठ गिळले. अलीकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रियांनी कंबरभर पाण्यात उतरून काही तलावांतला बेशरम उपटला, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि गेलेले मासे परतले. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा राहतो, ते त्यांना कुणी शाळेत शिकवले नव्हते.

नागपुरात विद्या कमी नाही. १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. २००० मध्ये पशू व मत्स्य विज्ञानाचे विद्यापीठ इथेच निघाले. त्याचे मत्स्य महाविद्यालय तेलंगखेडीला, भोसल्यांच्या काळच्या तलावाजवळ. मुले तिथे शिकतात याचा मला आनंद आहे. त्या मुलाचे आजोबा तिथे कधी व्याख्यानाला गेले असते, तर मला अधिक आनंद झाला असता.

आणि आता सीताबर्डी. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात गोवाऱ्यांच्या पोटभेदांत गोंड-गोवारी असे नाव येते. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ हेच शब्द आले. यादीतले गोवारी ते आम्हीच, असे गोवारी म्हणत राहिले; सरकार म्हणे, तुम्ही वेगळे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या अधिवेशनावर त्यांचा मोर्चा आला. खेड्यापाड्यांतून आले होते, बायका कडेवर मुले घेऊन. गर्दी अडली, लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. मी त्या वेळी शाळेत होतो. संध्याकाळी घरोघर रेडिओभोवती माणसे बसली होती, आणि कुणीतरी म्हणाले, ‘गोवारी म्हणजे ते गाई चारणारे ना?’ नागपूरला त्या दिवशी ते नाव नीट ऐकू आले.

१९९५ मध्ये त्यांना विशेष मागास प्रवर्गात घातले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की गोंड-गोवारी नावाची निराळी जमात १९११ पूर्वीच लोपली, तेव्हा यादीतले ते हेच. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दोन शब्दांच्या मधल्या जागेवर एवढा काथ्याकूट! सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आता गोवारी शहिदांचे नाव आहे. त्यावरून गाड्या भरधाव जातात.

तो मुलगा पुढे शाळा सोडून गेला. गेल्या वर्षी पाडव्याला मी त्याच्या गावी गेलो. आखरावर पूर्वीसारखी गर्दी नव्हती. ट्रॅक्टर आले, बैल गेले, चराईची जमीन आक्रसली. गाई मोजून सतरा. ढाल मात्र तेवढीच उंच होती. आजोबा थकले होते, बाजेवर बसून बघत होते. प्रत्येक गाय पुढे आली की नाव सांगत होते. मी खिशातून वही काढून ती सतरा नावे उतरवून घेतली. ‘मास्तर, लिवून काय करता जी?’ त्यांनी विचारले. ‘गुण द्यायचे राहिलेत,’ मी म्हणालो. त्यांना ते कळले नाही. ते पुढच्या गाईकडे बघून म्हणाले, ‘ही चंद्री. हिची आजीबी मीच चारली.’