नाव कुणाचं कोरलं, आकडा कुणाचा ठेवला?

मंडळी, मुंबईत कुलाब्याला नेव्हीनगरकडे जाताना उंच मनोऱ्याचं एक दगडी चर्च लागतं. खरं नाव सेंट जॉन, पण सगळे म्हणतात अफगाण चर्च. पहिलं अफगाण युद्ध आणि सिंधची मोहीम यांत मेलेल्या सैनिकांचं हे स्मारक. पाया 1847 चा, प्रार्थनेला खुलं झालं 1858 ला. ज्या 1839 साली कंपनीची फौज काबूलात शिरली, त्याच साली इकडे साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांना कंपनीनंच गादीवरून उतरवलं.

आत वेदीजवळच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. आणि साधे शिपाई? त्यांच्याबद्दल शिलालेखात एवढंच म्हटलंय की ते इतके होते, की सगळ्यांची नावं लिहिणं शक्य नाही. म्हणजे साहेबाला नाव, शिपायाला नुसता उल्लेख.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. पण पुढच्या शतकातही तेच झालं. पहिल्या महायुद्धात आपल्या सातारा-सांगली भागातली पोरं मराठा पलटणींतून इराकला गेली. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या. एप्रिल 1916 मध्ये तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. कित्येक जण लढाईत गेले, कित्येक उपासमारीनं, आजारानं आणि कैदेत. नंतर बसऱ्याला मोठं स्मारक झालं. त्यावर गोऱ्या शिपायाचंही नाव कोरलं. आपल्याकडच्या फक्त अधिकाऱ्यांची नावं आली, शिपायांची नुसती संख्या. या भेदभावाबद्दल कॉमनवेल्थच्या युद्धस्मारक आयोगानं माफी मागितली ती थेट 2021 मध्ये!

सातारा तालुक्यातलं अपशिंगे मिलिटरी आपल्याला माहीत आहेच. त्या एका गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. 46 हा आकडा आपल्या तोंडपाठ आहे. पण त्यातली चार नावं तरी सांगता येतील का आपल्याला?

ते कुणासाठी लढले, यावर वाद जरूर घाला. साम्राज्य इंग्रजांचं होतं, यात शंका नाही. पण मेलेला पोरगा आपल्याच गावचा होता.

इंग्रजांनी नावं गाळली, हे खरंय. पण आता लिहायला आपल्याला कोण अडवतंय? घरातल्या जुन्या पेटीत पदक, पेन्शनचा कागद, फोटो असेल तर बाहेर काढा. म्हाताऱ्या माणसांना विचारा. नाव, पलटण, साल लिहून ग्रामपंचायतीत आणि शाळेत लावा. तुमच्या गावातलं एखादं नाव माहीत असेल तर खाली जरूर लिहा.