ड्राफ्ट : खेळाडू निवडीचा क्रम
व्यावसायिक लीगमधील संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याची पद्धत. प्रो कबड्डीच्या लिलावात (२०१४ पासून) पैसा निर्णायक ठरतो. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खोने मात्र ड्राफ्ट स्वीकारला. मानधन श्रेणीनुसार आधीच ठरलेले असल्याने तिथे निवडीच्या क्रमालाच खरे मोल येते, म्हणून तो क्रम ठरवण्याचा नियम निर्दोष हवा. तळाच्या संघाला पहिली निवड देणे न्याय्य वाटते. पण त्यातून हरण्याला बक्षीस मिळते. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगने याच शंकेमुळे १९८५ मध्ये सोडत आणली. १९९० पासून दुबळ्या संघांना झुकते माप मिळाले, तेव्हा जाणूनबुजून हरण्याचा मोह पुन्हा बळावला. अखेर २०१९ मध्ये तळाच्या संघाची पहिल्या निवडीची शक्यता २५ टक्क्यांवरून १४ वर आणून शेवटच्या तिन्ही संघांना समान संधी दिली गेली. यावर आक्षेप असा, की दुबळा संघ दुबळाच राहील. बास्केटबॉलमध्ये त्यात तथ्य आहे. मैदानावरील पाचांपैकी एक असामान्य खेळाडू संघाचे नशीब पालटतो. खो-खोत संरक्षक तिघातिघांच्या तुकड्यांनी उतरतात, आक्रमणही साखळीनेच चालते. त्यामुळे एका निवडीने तेवढा फरक पडत नाही. सर्व संघांची समान सोडत काढून प्रत्येक फेरीत क्रम उलटवणे या खेळाला अधिक योग्य.