बिनतारी ड्रायव्हरांची जुनी परंपरा

१९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार वगळले. तथापि जुने ग्रंथ वाचण्याची सोय राहिली. लिनक्समधील बिनतारी ड्रायव्हरांचा इतिहास याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ड्रायव्हर म्हणजे संगणक व यंत्र यांतील दुभाषा होय. १९९७ च्या सुमारास प्रचारात असलेली ‘वायरलेस एक्स्टेन्शन्स’ ही संवादरीती कालांतराने अपुरी पडली. २००७ साली २.६.२२ या आवृत्तीत ‘मॅक८०२११’ हा सामायिक पाया आला व ड्रायव्हरागणिक होणारी पुनरुक्ती पुष्कळ टळली. जुन्या आज्ञांसाठी मात्र पुढेही अनुवादक थर राखण्यात आला. २०२४ च्या ६.८ आवृत्तीत कित्येक जुने ड्रायव्हर गळाले. त्यांची यंत्रे वापरणारे जवळजवळ उरलेच नव्हते. नागपुरात जुना संगणक बाळगणाऱ्या विद्यार्थ्यासही हाच धोका आहे. सारांश, जुने रूप टिकते ते वापरणाऱ्यांच्या बळावर.